रोकड जवळ असणं हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे

निवडणुकीची आचारसंहिता लागली की, किंवा कुठे गाडीत-गोदामात नोटांची बंडलं सापडल्याची बातमी आली की, आमच्या इंदुरात एक वाद हटकून पेटतो. सियागंजातल्या पेढीवर, रामबागेतल्या घरांच्या ओसरीवर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे तोच. एक बाजू म्हणते, ‘ज्याच्या मनात पाप नाही त्यानं घाबरायचं कशाला? कागद दाखवा आणि जा.’ दुसरी म्हणते, ‘माझा पैसा, माझी पिशवी, सरकार विचारणारं कोण?’ दोघेही आवाज चढवतात आणि दोघेही मूळ प्रश्नाला बगल देतात. माझं म्हणणं आधीच सांगते. मोठी रक्कम घेऊन जाणाऱ्याला किंवा बँकेत भरणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार सरकारला आहे आणि असायलाच हवा. पण प्रश्न विचारणं वेगळं आणि उत्तराची खातरजमा होईपर्यंत माणसाचा पैसा ताब्यात ठेवणं वेगळं. विचारायला रकमेचा आकडा पुरेसा आहे. जप्त करायला आकड्याखेरीज आणखी काही हाती लागलेलं असावं, ते काय हे लिहून द्यावं आणि ठरलेल्या मुदतीत त्याचा निकाल लावावा. ही मर्यादा आपल्या नियमांत बऱ्याच अंशी आहे. नाक्यावर आणि नोटिशीत मात्र ती पाळली जात नाही, आणि आपण नागरिक तिच्याबद्दल बोलतसुद्धा नाही.

समोरच्यांचं जे खरं आहे ते नीट मान्य करायला हवं, कारण ते थोडंथोडकं नाही. निवडणुकीत पैसे वाटले जातात आणि ते नोटांनीच वाटले जातात. डिसेंबर २०२४ मध्ये भोपाळजवळच्या मेंडोरीत बेवारस उभ्या असलेल्या एका गाडीत ५२ किलो सोनं आणि जवळपास दहा कोटींची रोकड सापडली. तपासाचा धागा परिवहन खात्यातल्या एका माजी हवालदाराकडे गेला. तो पैसा काही कुणाच्या घामाचा नव्हता, याची शंका आली म्हणून कुणाला दोष देता येईल का? नोकरदाराचा कर पगार हाती पडायच्या आत कापला जातो. तो पै-पै जमवून प्लॉट घ्यायला निघतो, तेव्हा विकणारा त्याला सांगतो, ‘इतके पक्क्यात, बाकीचे कच्च्यात’, म्हणजे कागदावर न दाखवता रोखीनं. त्या माणसाच्या मनात रोकडीविषयी जो राग आहे तो मला अगदी समजतो. रस्ते, दवाखाने, शाळा त्याच्या कापलेल्या पगारावर चालाव्यात आणि कच्च्यातल्या पैशाचे बंगले उभे राहावेत, हे अन्यायाचंच आहे. त्यामुळे तपासणीच नको असं म्हणणाऱ्यांच्या बाजूची मी नाही.

पण ‘कर नाही त्याला डर कशाला’ हे वाक्य तोंडावर फेकलं की चर्चा संपली, असं जे मानलं जातं ते मला मान्य नाही. आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. नोटबंदीच्या काळात ग्वाल्हेरच्या एका गृहिणीनं आपल्या खात्यात २,११,५०० रुपये भरले. नवऱ्यानं, मुलानं, नातेवाइकांनी वेळोवेळी दिलेल्या पैशांतून साठवलेली ही रक्कम, असं तिचं म्हणणं होतं. अडीच लाखांपर्यंतच्या अशा भरण्याची चौकशी होणार नाही, असं सरकारनं त्या वेळी जाहीर केलं होतं. तरी प्राप्तिकर अधिकाऱ्यानं ती सगळी रक्कम अघोषित उत्पन्न ठरवली. पहिलं अपील ती हरली. अखेर जून २०२१ मध्ये प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठानं तिच्या बाजूनं निकाल दिला आणि गृहिणींची अशी बचत उत्पन्न धरू नये असं स्पष्ट केलं. भरणा २०१६ चा, निकाल २०२१ चा. तिच्या मनात पाप होतं का? नव्हतं. तिला डर होता का? होता, आणि तो साडेचार वर्षं पुरला. घरखर्चातून वाचवलेल्या शंभर-पाचशेच्या नोटेची पावती कोणती बाई मागते आणि कोण नवरा ती फाडून देतो? गव्हाच्या डब्यात, देवघराच्या खणात, लुगड्याच्या घडीत पैसे ठेवणाऱ्या आपल्या आज्या-आत्यांची सगळी मालमत्ता याच वर्गात मोडते. तिला कागद नाही, म्हणून ती काळी?

हा प्रश्न विचारणारी मी पहिली नव्हे. रेल्वेनं प्रवास करणाऱ्या एका माणसाकडे पोलिसांना मोठी रोकड सापडली आणि प्राप्तिकर खात्यानं ती मागून घेतली, असा एक खटला अलाहाबाद उच्च न्यायालयात चालला होता. नुसती रोकड जवळ असणं आणि तिचा खुलासा तिथल्या तिथे न देता येणं, एवढ्यावरून ती अघोषित उत्पन्नाची आहे असं मानायला आधार मिळत नाही, असं त्या न्यायालयानं म्हटलं. विंध्य मेटल कॉर्पोरेशनच्या या प्रकरणात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. म्हणजे जवळपास तीन दशकं हे तत्त्व देशात आहे. अधिकाऱ्याच्या हाती ‘विश्वास ठेवण्याजोगं कारण’ हवं, आणि नोटांची जाडी हे ते कारण नव्हे. तरीही आपल्या घरगुती वादात हा मुद्दा कुणी काढत नाही. सगळे जण रकमेवर बोलतात: इतके लाख म्हणजे नक्कीच गडबड.

आणखी एक गैरसमज इतका घट्ट बसला आहे की शिकलेली माणसंही तो खरा मानतात. पन्नास हजारांपेक्षा जास्त रोख जवळ बाळगणं बेकायदेशीर आहे, असं म्हणतात. असा कोणताही कायदा भारतात नाही. काळ्या पैशाच्या तपासासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती एम. बी. शहा यांच्या विशेष पथकानं २०१६ मध्ये दोन शिफारशी केल्या होत्या: तीन लाखांवरचे रोखीचे व्यवहार बंद करा आणि रोख बाळगण्यावर पंधरा लाखांची मर्यादा घाला. सरकारनं पहिली उचलली, तीही अधिक कडक करून. १ एप्रिल २०१७ पासून एका दिवसात एका माणसाकडून, किंवा एकाच व्यवहारात, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि घेतली तर तितक्याच रकमेचा दंड घेणाऱ्यावर बसतो. दुसरी शिफारस कायद्यात आली नाही. म्हणजे बाळगण्यावर मर्यादा घालायची की नाही हा प्रश्न सरकारपुढे आला होता आणि सरकारनं ती घातली नाही. मग जी मर्यादा कायद्यात नाही ती नाक्यावर कुठून येते?

ती येते निवडणूक आयोगाच्या कार्यपद्धतीच्या अर्धवट वाचनातून. मे २०१५ मध्ये आयोगानं जप्ती आणि सुटकेविषयी सविस्तर सूचना काढल्या. त्यांतला पन्नास हजारांचा आकडा उमेदवार, त्याचा प्रतिनिधी, पक्षाचा कार्यकर्ता ज्या गाडीत आहे, किंवा प्रचाराचं सामान ज्या गाडीत आहे, तिच्यासाठी आहे. रक्कम दहा लाखांच्या वर असेल तर प्राप्तिकर खात्याला कळवायचं आहे. तपासणीचं चित्रीकरण करायचं आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, सामान्य माणसाला त्रास होऊ नये म्हणून प्रत्येक जिल्ह्यात तीन अधिकाऱ्यांची समिती आहे. कुणी अर्ज करो न करो, गुन्हा नोंदलेला नाही आणि उमेदवाराशी संबंध दिसत नाही अशी प्रत्येक जप्ती त्या समितीनं स्वतःहून तपासायची आहे आणि पैसे परत द्यायचे आहेत. मतदानानंतर सात दिवसांपलीकडे असं प्रकरण प्रलंबित ठेवायचं नाही. सूचना चांगल्या आहेत. मी आयोगाला नावं ठेवत नाही. पण किती इंदूरकरांना ही समिती असते हे ठाऊक आहे?

२०२४ च्या लोकसभेच्या वेळी उज्जैन रस्त्यावरच्या एका नाक्यावर आमची गाडी थांबवली होती. पुढे एक जीप उभी होती. सांवेरकडचे बाप-लेक, दोघांच्या अंगावर लसणाची फोलपटं अजून चिकटलेली. मुलाच्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीत पाचशेच्या गड्ड्या. पावती होती, पण ती दुसऱ्या भावाच्या नावावर, कारण जमीन तिघांच्या सामाईक खात्यात आणि माल गेला त्याच्या नावानं. कॅमेऱ्याचा झगझगीत दिवा त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर धरलेला. तो पुन्हा पुन्हा पिशवीची नाडी आवळत होता. पथकातली माणसं उद्धट नव्हती, हेही सांगायला हवं. एक शिक्षकासारखे दिसणारे गृहस्थ शांतपणे नोंदवहीत लिहीत होते. अखेर मंडीतल्या अडत्याला फोन लागला, त्यानं रक्कम सांगितली, ती जुळली आणि त्यांना सोडलं. मला खटकलं ते असं, की त्या कुटुंबाचा हंगामाचा पैसा त्या रात्री एका माणसानं फोन उचलण्यावर अवलंबून होता. अडत्या झोपला असता तर? त्या बापाला समितीचं नाव कुणी सांगितलं असतं का? पुढच्या आठवड्यात सगळी कामं टाकून तो इंदूरच्या कलेक्टोरेटच्या पायऱ्या चढला असता का, की घरी बसून नशिबाला बोल लावला असता?

इथे हमखास उत्तर येतं: यूपीआय आहे, आरटीजीएस आहे, मग नोटा कशाला हव्यात? शहरात बसून हे म्हणणं सोपं आहे. यूपीआयवर साधारणपणे दिवसाला एक लाखाची मर्यादा आहे. शेतकऱ्याला मजुरांचा चुकारा त्याच संध्याकाळी करायचा असतो, ट्रॅक्टरवाल्याचं भाडं द्यायचं असतं, बियाणांच्या दुकानाची उधारी फेडायची असते आणि कर्जाच्या खात्यात पैसा जमा झाला तर बँक तो परस्पर वळता करून घेईल ही धास्ती असते. आणि हे सरकारलाही पटलेलं आहे, तेही लेखी. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं खुलासा केला, की शेतकऱ्यानं आपला माल दोन लाखांच्या आत रोखीनं विकला तर व्यापाऱ्याचा तो खर्च नामंजूर होणार नाही आणि शेतकऱ्याला पॅनही द्यावा लागणार नाही. वर्षाला एक कोटीपेक्षा जास्त रोख काढली तर दोन टक्के कर कापण्याचा नियम सप्टेंबर २०१९ पासून आला, आणि त्याच महिन्यात मंड्यांमधल्या व्यापाऱ्यांना, शेतकऱ्यांना पैसे देण्यापुरती, त्यातून सूट द्यावी लागली. म्हणजे एका हातानं शासन म्हणतं, शेतकऱ्याला रोख द्या, आम्हाला चालेल. ती रोख घेऊन तो मंडीच्या फाटकाबाहेर पडला की दुसरा हात त्याला अडवतो आणि म्हणतो, एवढी रोख तुझ्याकडे कशी?

रोकड म्हणजे काळा पैसा, हे गृहीतक आपण एकदा अख्ख्या देशावर वापरून पाहिलं आहे. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा या दोन प्रकारच्या १५.४१ लाख कोटींच्या नोटा चलनात होत्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या वार्षिक अहवालाप्रमाणे त्यांतल्या १५.३१ लाख कोटी परत आल्या, म्हणजे शंभरातल्या नव्याण्णवांहून अधिक. काळा पैसा नोटांच्या रूपानं दडून बसला आहे आणि भीतीनं तो बाहेर येणारच नाही, ही अटकळ साफ चुकली. माझ्याशी वाद घालणारे म्हणतील, की बँकेत आला म्हणजे पांढरा झाला असं नाही. बरोबर आहे. म्हणूनच ३१ जानेवारी २०१७ ला प्राप्तिकर खात्यानं ‘ऑपरेशन क्लीन मनी’ सुरू केलं, तेव्हा सुमारे अठरा लाख खातेदारांना त्यांचा भरणा आणि विवरणपत्र यांतली तफावत दाखवून खुलासा मागितला आणि तो घरबसल्या ऑनलाइन देता येत होता. ही पद्धत मला मान्य आहे. प्रश्न विचारला, पैसा खात्यातच राहिला, माणूस आपल्या घरात राहिला. अडचण त्याच्या पुढच्या टप्प्यावर आली. डिसेंबर २०१६ मध्ये कायदा बदलून, ज्याचा खुलासा पटत नाही अशा रकमेवर ६० टक्के कर आणि त्यावर २५ टक्के अधिभार लावला गेला. उपकर धरला तर शंभरातले सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर रुपये गेले. खुलासा पटला की नाही हे ठरवणारा अधिकारी एकटा, आणि न पटण्याची किंमत इतकी. लाच घेणारा आणि ग्वाल्हेरची ती गृहिणी, दोघांना एकच दर. इतक्या जबर शिक्षेच्या आधी पुराव्याचं ओझं कुणावर, हा प्रश्न कुणी विचारायचा की नाही?

आपल्याकडे, या माळव्यात, हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचं एक उत्तर आपल्याला इतिहासानं देऊन ठेवलं आहे. अहिल्याबाईंच्या काळात इंदुरात देवीचंद नावाचा मोठा सावकार निपुत्रिक वारला. अहिल्याबाईंचे सेनापती तुकोजी होळकर यांचा मुक्काम तेव्हा शहराजवळ होता. आजूबाजूच्यांनी भरीस घातलं आणि तुकोजींनी त्याच्या संपत्तीत हिस्सा मागायचं ठरवलं. त्या काळच्या रिवाजात ते फार जगावेगळंही नव्हतं. देवीचंदाची विधवा अहिल्याबाईंच्या राजधानीत, महेश्वरला गेली. अहिल्याबाईंनी तिचा घरावरचा आणि संपत्तीवरचा हक्क कायम केला, तिला मानाची वस्त्रं दिली, आणि तुकोजींना हुकूम पाठवला की ताबडतोब इंदुरापासून तळ हलवा, माझ्या शहराला अन्यायाच्या वसुलीनं छळू नका. तुकोजींनी तो मानला. माळव्याचा इतिहास लिहिणारे इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम यांनी हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. त्या बाईकडे बापजाद्यांच्या कमाईचे सगळे कागद होते का, हे अहिल्याबाईंनी आधी विचारलं असं कुठे दिसत नाही. घेणाऱ्यानं आधी आपला हक्क दाखवावा, हे त्यांनी धरलं. मे २०२५ मध्ये त्यांच्या तीनशेव्या जयंतीनिमित्त राज्याचं मंत्रिमंडळ राजवाड्यात बैठकीला बसलं. आदर दाखवला, चांगलं झालं. त्या आदरात हा न्यायही यावा, एवढीच अपेक्षा आहे.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे आणि तेही इंदूरपर्यंत येतं. दौलतराव शिंद्यांना पैसा हवा होता म्हणून १७९८ मध्ये त्यांचा सासरा सर्जेराव घाटगे यानं पुण्यातल्या धनिकांना पकडून, तापलेल्या तोफांना बांधून दडवलेली पुंजी काढायला लावली. ऑक्टोबर १८०१ मध्ये तोच सर्जेराव फौज घेऊन इंदुरात आला आणि त्यानं हे शहर लुटलं, राजवाडा जाळला. होळकरांचीही बाजू स्वच्छ नव्हती. हडपसरच्या विजयानंतर यशवंतरावांनी पुणेकरांकडून अशीच वसुली केली. आजच्या प्राप्तिकर अधिकाऱ्याची मी सर्जेरावाशी तुलना करत नाही, ती अन्यायाची होईल. आज निवडलेलं सरकार आहे, अपील आहे, न्यायालय आहे. मला त्यातला परिणाम महत्त्वाचा वाटतो. ज्या राज्यात पैसा दिसला की ओढला जातो त्या राज्यात पैसा जमिनीत जातो, भिंतीत जातो, दागिन्यात जातो. पेढीवर येत नाही, धंद्यात फिरत नाही. आणि ज्या शहरात सावकाराच्या विधवेला न्याय मिळतो त्या शहरात माळव्याभरचे सराफ येऊन वसतात. इंदूर व्यापाराचं शहर झालं ते नुसतं वाटेवर आहे म्हणून नाही. आजही बँकेत पैसे भरायला गेलेल्या माणसाला भीती वाटली तर तो पैसे भरणं थांबवेल, साठवणं थांबवणार नाही. नोटबंदीच्या आधी चलनात जेवढ्या नोटा होत्या त्याच्या जवळजवळ दुप्पट, सुमारे ३५ लाख कोटींच्या, मार्च २०२४ अखेर लोकांच्या हाती होत्या. धाक दाखवून रोकड कमी होते असं कुणाला अजून वाटत असेल तर त्यानं या आकड्याचं उत्तर द्यावं.

आता ‘माझा पैसा, विचारणारे तुम्ही कोण’ म्हणणाऱ्यांकडे वळते, कारण तेही तितकेच चुकतात. बँकेत मोठी रोख भरली तर पॅन द्यावा लागतो, बचत खात्यात वर्षाला दहा लाख किंवा अधिक भरले तर बँक प्राप्तिकर खात्याला कळवते, आणि मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली दहा लाखांवरच्या रोख व्यवहारांची माहिती दर महिन्याला केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे जाते. यात खातेदाराचं काय बिघडतं? त्याचा रुपया हलत नाही, त्याला कुणी उभं करत नाही. हिशेब असेल तर पुढे काही होत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली वृद्धांना लुटण्याचे प्रकार सुरू झाल्यापासून तर बँकेतल्या कर्मचाऱ्यानं ‘आजोबा, एवढी रक्कम कुणाला पाठवताय?’ असं विचारल्यामुळे आयुष्याची पुंजी वाचल्याची उदाहरणं आपण ऐकतो. हा प्रश्न अपमान नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे याचा फायदा घेऊन शहरातली लाच आणि कच्च्यातली कमाई सात-बाराच्या आडोशाला पांढरी करणारे लोक आपल्या ओळखीत नाहीत का? त्यांना विचारणारं कुणी नको असेल तर खऱ्या शेतकऱ्याची सूटही फार दिवस टिकणार नाही.

तरी या आकड्यांबद्दल एक तक्रार आहेच. ते एकदा ठरले की कुणी त्यांच्याकडे वळून पाहत नाही. रोखीनं कर्ज किंवा ठेव घेण्याची मर्यादा १९८४ मध्ये दहा हजार होती, १९८९ मध्ये वीस हजार झाली, आणि तिथेच थांबली. दवाखान्यात दाखल असलेल्या बहिणीला भावानं पंचवीस हजार उसने नोटांनी दिले तर अक्षरार्थानं तो कायदेभंग होतो आणि घेणाऱ्या बहिणीला तितकाच दंड होऊ शकतो. सबळ कारण दाखवलं तर माफी आहे, पण कारण दाखवत बसावं लागतं. १९८९ मधल्या वीस हजारांत काय यायचं आणि आज काय येतं, हे घर चालवणाऱ्या कुणालाही विचारा. अमेरिकेनं १९७० च्या कायद्याखाली दहा हजार डॉलरवरच्या रोख व्यवहारांची नोंद सक्तीची केली. ती रक्कमही महागाईबरोबर वाढवलेली नाही. पुढे १९८६ मध्ये नोंद टाळण्यासाठी रकमेचे तुकडे करणं हाच गुन्हा ठरला. परिणाम असा झाला, की कायदेशीर धंद्याचा गल्ला दहा हजारांच्या आत भरणाऱ्या छोट्या दुकानदारांची खाती गोठवली गेली. ओरड इतकी वाढली की २०१४ मध्ये तिथल्या कर खात्यालाच धोरण बदलावं लागलं आणि २०१९ मध्ये ते कायद्यात आणावं लागलं. दोन लाखांच्या आत व्यवहाराचे तुकडे पाडायची सवय आपल्याकडेही पडते आहे. त्यातले चोर किती आणि नुसते घाबरलेले किती, हे आकडा सांगू शकत नाही.

जप्तीच्या अधिकाराला कागदाचं बंधन का हवं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण पुन्हा आपल्या राज्यातलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिवनीत महामार्गावर एका गाडीतली हवालाची म्हणून सांगितलेली जवळपास तीन कोटींची रोकड पोलिसांनी पकडली. कागदावर त्याच्या निम्मीच दाखवली आणि बाकीची हडपली, असा आरोप झाला आणि उपविभागीय दर्जाच्या अधिकाऱ्यासह पोलिसांनाच अटक झाली. खटल्याचा निकाल न्यायालय लावेल. पण इतकी मोठी रक्कम होती म्हणून बोभाटा तरी झाला. कापडी पिशवीतल्या दीड लाखातून वीस हजार गेले तर कोण बोलणार? आणि बोलला तर त्याला पहिला प्रश्न काय विचारणार? हाच, की तुझ्याकडे एवढी रोख आली कुठून. संशयाखाली ठेवलेल्या माणसाची चोरी झाली तरी त्याला फिर्याद देता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ प्रमाणे पोलिसांना संशयित मालमत्ता ताब्यात घेता येते आणि ती घेतल्याची खबर दंडाधिकाऱ्याला लगेच द्यावी लागते. ही दुसरी अट म्हणजे नागरिकाचं एकमेव संरक्षण आहे, आणि तिचीच सर्वांत जास्त टाळाटाळ होते.

निवडणुकीतल्या पैशाबद्दल तर आकडेच वेगळं सांगतात. २०२४ मध्ये १ मार्च ते १३ एप्रिल या काळात देशभर ४,६५० कोटींचा ऐवज पकडल्याचं आयोगानं जाहीर केलं. त्यात रोकड होती सुमारे ३९५ कोटी, म्हणजे दहावा हिस्सासुद्धा नाही. अमली पदार्थ दोन हजार कोटींच्या वर होते. रस्त्यावर थांबवलेल्या पिशव्यांमुळे मतांचा बाजार थांबतो असं मानायला यात फारसा आधार नाही. उमेदवाराचा पैसा आचारसंहितेच्या आधीच गावात पोहोचलेला असतो, हे खेड्यातला कुणीही सांगेल. त्याच्या मागे लागायचं तर वर्षभर बँकांच्या माहितीवर, जमिनीच्या खरेदीखतांवर, सरकारी ठेक्यांवर नजर ठेवावी लागते. ते काम किचकट आहे आणि त्यात मोठ्या माणसांची नावं निघतात. लसणाचा शेतकरी थांबवणं त्या मानानं फार सोपं आहे.

काय व्हायला हवं, ते फार मोठं नाही. जप्तीच्या पावतीवर संशयाचं कारण अधिकाऱ्याच्या सहीनिशी लिहिलेलं असावं, ‘समाधानकारक खुलासा नाही’ इतकंच नव्हे. मोजलेली रक्कम कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवावी आणि त्या चित्रीकरणाची प्रत पैसेवाल्याला मिळावी. गृहिणीची बचत, शेतमालाची विक्री, दवाखान्याची आगाऊ रक्कम, लग्नाचा खर्च यांसाठी साधं स्वतःचं निवेदन ग्राह्य धरावं आणि ते खोटं आहे हे खात्यानं सिद्ध करावं. पैसे निर्दोष ठरून परत मिळाले तर अडकलेल्या दिवसांचं व्याज शासनानं द्यावं, कारण करदात्यानं उशीर केला तर त्याच्याकडून ते घेतलंच जातं. दर पाच वर्षांनी या मर्यादांचा आढावा घेण्याची तरतूद कायद्यातच असावी. आणि जप्तीविरुद्ध दाद कुठे मागायची हे जप्तीच्या कागदावर लिहावं, त्या माणसाला तिथेच सांगावं, असं आयोगाच्या सूचनांत २०१५ पासून आहे. पुढच्या निवडणुकीत राऊ, मांगलिया, सांवेर रस्ता, खंडवा रस्ता, प्रत्येक नाक्यावर समितीच्या तिन्ही अधिकाऱ्यांची पदं आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत फलकावर लिहिलेले असावेत. तो फलक दिसला नाही तर आपल्या आमदार-खासदारांना त्याच दिवशी विचारा, आणि गाडी थांबवणाऱ्या पथकालाही.